नावगावाची किल्ली

रामकुंडाच्या पायऱ्यांशी परगावचा मनुष्य येऊन उभा राहिला, की नाशिकचे क्षेत्रोपाध्ये त्यास दोन प्रश्न विचारतात: आडनाव काय, आणि मूळ गाव कोणते. सध्याचा मुक्काम कोठे, उद्योग काय, मुलेबाळे किती, हे सारे पुढे यथावकाश येते. आरंभी हे दोनच. उत्तर मिळताच एक तर ‘बसा’ म्हणून ते घराकडे निरोप धाडतात, नाही तर घाटावरील दुसऱ्या एखाद्या घराकडे बोट दाखवितात; आणि अर्ध्या-पाऊण तासात, ज्याने आपल्या पणजोबांचे नावदेखील धडपणे ऐकलेले नाही अशा त्या मनुष्यापुढे, खारव्याच्या तांबड्या बासनातून सोडलेली एक वही उलगडते, आणि तीतून पणजोबा, त्यांचे बंधू, बंधूंचे पुत्र, कोण कोणत्या शकात, कोणत्या मितीस, कोणाच्या अस्थी घेऊन गंगेवर, म्हणजे गोदेवर, आला होता, हे सर्व वाचून दाखविले जाते. वाचणाऱ्याचा स्वर एकसुरी असतो, कारण त्याच्या दृष्टीने हे नित्याचे काम. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र पुष्कळदा पाणी आलेले मी पाहिले आहे.

पंचवटीत बालपण गेल्यामुळे हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला होता, की त्यात काही शास्त्र असेल असे माझ्या मनातही आले नाही. पुढे संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचा व्यवसाय पत्करल्यावर, आणि त्या व्यवसायातील एका विशिष्ट अडचणीशी काही वर्षे झुंजल्यावर, एके दिवशी अचानक ध्यानात आले, की ज्या प्रश्नाचे उत्तर मी यंत्रापुढे बसून शोधीत आहे, तोच प्रश्न आमच्या गावच्या उपाध्यायांनी बोरू आणि जुन्नरी कागद एवढ्या सामग्रीवर कित्येक पिढ्यांपूर्वी सोडविलेला आहे.

तो प्रश्न असा. यंत्राच्या भाषेत ज्यास वस्तू म्हणतात, ती एखाद्या मनुष्यासारखी अनेकांगी असते. तिला नाव असते, स्थळ असते, काळ असतो, दुसऱ्या वस्तूंशी नाती असतात. परंतु आज्ञावलीच्या पोटातच राहणारा, स्वतंत्र कारभारी नसलेला जो लहानसा कोश असतो, आणि ज्यास या धंद्यातले लोक एम्बेडेड की-व्हॅल्यू स्टोअर म्हणतात, त्याला यातले काहीच उमगत नाही. त्याच्याजवळ दोनच रकाने: एकीकडे किल्ली, दुसरीकडे तिच्या हवाली केलेला मजकूर. किल्ली म्हणजे केवळ बाइटांची एक ओळ. ती तो डावीकडून उजवीकडे एकेक बाइट ताडून पाहतो आणि त्या क्रमाने मांडून ठेवतो. त्यामुळे सबंध वस्तूतून किल्लीपुरते काय उचलावे, ते कोणत्या क्रमाने मांडावे आणि किती थोड्या जागेत बसवावे, हा सगळा विचार कोशात काही ठेवण्यापूर्वीच करावा लागतो. किल्ली चुकली, तर आत ठेवलेला ऐवज जागच्या जागी असूनही हरवल्यासारखाच.

नाशिकास नोंदीची परंपरा पुष्कळ जुनी आहे. त्रिरश्मी डोंगरावरील, लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात त्या लेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा शिलालेख आहे. वर्ष ४२ मध्ये त्याने संघास लेणे अर्पण केले, आणि तीन हजार कार्षापणांची अक्षय ठेव गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली: दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. लेखाच्या शेवटी म्हटले आहे, की हे सर्व निगमसभेत वाचून दाखविण्यात आले आणि फलकवारात, म्हणजे दप्तरखान्यात, रिवाजाप्रमाणे निबद्ध करण्यात आले. ते फलक काळाच्या उदरात गडप झाले. दगडावरची प्रत तेवढी उरली. तथापि पुढे याज्ञवल्क्यस्मृतीत भूमी आणि द्रव्य यांच्या पंक्तीस वडिलार्जित संपत्ती म्हणून ज्या ‘निबंधा’स स्थान मिळाले, आणि मिताक्षरेने ज्याचे विवरण केले, तो शब्द लेण्यातल्या त्या क्रियापदाचा सगा भाऊ आहे. नोंदीने बांधून दिलेला हक्क तो निबंध. आणि क्षेत्रोपाध्यायांची वृत्ती ही नेमकी तशा हक्काची वस्तू होती. यजमानांचे कूळ ही त्यांची शेती, आणि वही हा त्या शेतीचा उतारा.

म्हणूनच या वह्या जपल्या गेल्या. केवळ इतिहासाच्या प्रेमाने कोणी तीनशे वर्षे कागद सांभाळीत नाही. यात्रेकरू आला म्हणजे त्याने स्वदस्तुराने, लिहिता येत नसल्यास उपाध्यायांकरवी, लेख करून द्यावयाचा, की अमुक गावचे अमुक उपनावाचे आम्ही, आमचे क्षेत्रोपाध्ये हेच, आमच्या वंशातील पुढे जो कोणी येईल त्याने यांसच पूजावे. आणि पुढे दोन घरांत त्या कुळाविषयी तंटा पडला, तर ज्याच्या वहीत जुना लेख निघेल त्याची बाजू बळकट. पेशव्यांच्या कुटुंबातील माणसांपासून खेड्यातल्या कुणब्यापर्यंत सर्वांना हाच शिरस्ता होता. इंग्रजी अमदानीत १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरलाही उपाध्यायांच्या या दप्तराची दखल घ्यावीशी वाटली.

आता त्या दप्तराची मांडणी पाहू. सर्व घरांची पद्धत एक नाही. कोणाकडे जातवार वह्या, कोणाकडे आडनाववार, कोणाकडे परगणेवार. ज्या घरी मला मोकळेपणाने बसून पाहता आले, तेथे परगणा, त्याखाली गाव, गावाखाली आडनाव, आडनावाखाली शाखा आणि सर्वांत शेवटी व्यक्ती असा उतरता क्रम होता. हा क्रम सहज पडलेला नव्हे. मनुष्याचे स्वतःचे नाव हे त्याच्यापुरते. ते त्याच्या नातवासही कित्येकदा ठाऊक नसते. राहते घर बदलते, धंदा बदलतो. पण मूळ गाव आणि उपनाव ही दोन चिन्हे मनुष्य कलकत्त्यास गेला काय किंवा समुद्रापार गेला काय, बरोबर घेऊन जातो. आणि उपाध्यायाला नेमके असेच काही हवे असते, जे शंभर वर्षांनी येणारा अनोळखी वंशज न शिकवता स्वतःच्या तोंडाने सांगू शकेल. किल्लीची योग्यता ठेवणाऱ्याच्या सोयीवरून ठरत नाही, ती शोधत येणाऱ्याच्या स्मरणावरून ठरते. आणि हे तत्त्व माझ्या व्यवसायातील फार थोड्या लोकांना इतक्या स्पष्टपणे उमगलेले मी पाहिले आहे.

गाव आधी आणि आडनाव मागाहून का, यालाही कारण आहे. जोशी, कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही आडनावे वतनाची. जेवढी गावे तेवढे कुलकर्णी. एवढ्याच शब्दावर वही उघडू गेल्यास अर्धे दप्तर पुढ्यात येईल. उलट गाव सांगितले, की पाच-पंचवीस घरांचा प्रश्न उरतो. मात्र गावांची नावेही कमी फसवी नाहीत. नाशिक शहराच्या परिसरातच पिंपळगाव बहुला आहे, पिंपळगाव खांब आहे, आणि पलीकडे निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंत. चांदवडाकडचे वडनेर भैरव निराळे आणि नाशिकजवळचे वडनेर दुमाला निराळे. निफाडातच कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे अशी जोडगावे. फारसी वळणाच्या महसुली भाषेने बुद्रुक आणि खुर्द, कसबे आणि मौजे, दुमाला आणि खालसा हे जे शब्द आपल्या खेड्यांना चिकटविले, ते आपण आज निरर्थक शेपट्या समजून गाळतो. वास्तविक दोन सारख्या किल्ल्या एका कुलपात जाऊ नयेत म्हणून पाडलेले ते दाते आहेत. ही निकड अजून संपलेली नाही. ओझर येथे विमानांचा कारखाना उभा राहिल्यावर, विघ्नहराच्या ओझराशी घोटाळा होऊ नये म्हणून लोक आपण होऊन ‘ओझर मिग’ म्हणू लागले; रशियन विमानाच्या नावाने मराठी गावाची ओळख पटविण्याचे हे उदाहरण मला फार हृद्य वाटते.

याहूनही बारीक गोष्ट आहे. ‘वडनेर’ एवढेच शोधले, तर डावीकडून ताडणाऱ्या यंत्राला ‘वडनेर’ आणि ‘वडनेर भैरव’ यांत पहिली चार अक्षरे सारखीच दिसतात. गावाचे नाव कोठे संपले आणि पुढचा शब्द कोठे सुरू झाला, हे कळावयास मध्ये काही खूण लागते. यंत्रात त्यासाठी शून्य मूल्याचा एक बाइट घालतात. वहीत त्या जागी दंड असतो; ‘मौ॥’ हे संक्षिप्त रूप आरंभी, नाव मध्ये, आणि नंतर उभी रेघ. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची चाल नसल्यामुळे ही रेघ केवळ शोभेची नव्हती. ती नसती तर गावाचे शेपूट आडनावात शिरले असते.

कागद महाग, शाई घरी खपून केलेली, आणि लिहिणाऱ्याचा हात दुखणारा. तेव्हा संक्षेप हा त्या लेखनाचा धर्मच होता. एका गावाच्या पानावर दुसऱ्या ओळीपासून गावाचे नाव पुन्हा येत नाही, तेथे ‘मजकूर’ एवढाच शब्द येतो. मौजे मजकूर, उपनाव मजकूर. २०११ साली गूगलने लेव्हलडीबी नावाचा जो कोश खुला केला, त्यात अगदी हीच युक्ती आहे: लागोपाठच्या किल्ल्यांचा आरंभीचा जेवढा भाग समान, तेवढा पुन्हा न लिहिता त्याची लांबी नोंदवायची आणि वेगळा भाग तेवढा लिहायचा. पण तेथे दर सोळा किल्ल्यांनंतर एक किल्ली पुरती, सबंध लिहितात. का, तर शोधणाऱ्याने मधूनच पान उघडले तर त्याला टेकायला जागा हवी. उपाध्यायांच्या वहीतही प्रत्येक पानाच्या माथ्यावर परगणा आणि गाव पुरते लिहिलेले असतात, मग ते आधीच्या पानावर असोत वा नसोत. याचा उलगडा मला एका फाटक्या वहीने केला. तिची मधली काही पाने वाळवीने खाल्ली होती. उरलेल्या पानांपैकी ज्यांचा माथा शाबूत होता ती वाचता येत होती, आणि ज्यांचा माथा गेला होता त्यांवर सुवाच्य अक्षरांत ओळीमागून ओळ मजकूर, मजकूर, मजकूर एवढेच उरले होते. कोणते गाव, कोणाचे कूळ, सांगणारे कोणी नाही.

स्थळापेक्षा काळाची किल्ली अधिक बिकट. पेशवाईपर्यंतच्या कागदांत सुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत येतात, आणि ते एककापासून चढत जातात. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७२; म्हणजे इसवी सन १७७१-७२, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीचा अखेरचा काळ. आता अशा नोंदी कोणी पहिल्या शब्दावरून लावू गेला, तर ज्या ज्या वर्षाच्या शेवटी दोनाचा आकडा आहे ती सर्व वर्षे एका ठिकाणी गोळा होतील. ११६२, ११७२, ११८२ शेजारी शेजारी, आणि ११७३ कोठल्या कोठे. आजच्या बहुतेक यंत्रांचे काळीज नेमके याच चालीने चालते: संख्या स्मरणात ठेवताना लहान वजनाचा बाइट आधी आणि मोठ्या वजनाचा मागाहून. तशीच्या तशी ती किल्लीत उतरविली, की क्रमाचा बट्ट्याबोळ होतो. म्हणून आज्ञावली लिहिणाराला ती उलटी करून, मोठा बाइट पुढे आणून ठेवावी लागते. शालिवाहन शक अंकांनी लिहिण्याची रीत मात्र आपोआपच मोठ्या स्थानापासून उतरणारी; शक, मग मास, मग पक्ष, मग तिथी. ज्या वह्यांत शक आरंभी आहे, त्यांतली पाने काळाच्या ओघाने आपसूक लागलेली आढळतात.

संवत्सरांची गंमत आणखी निराळी. प्रभव, विभव येथपासून साठ नावे. वर्षाला एक सुटसुटीत शब्द, संकल्पात उच्चारावयास सोपा. परंतु साठ वर्षांनी तेच नाव फिरून येते, आणि सिंहस्थाच्या बाबतीत तर ही पुनरावृत्ती घातकच ठरते. गुरू सुमारे बारा वर्षांनी सिंह राशीत येतो, आणि साठ म्हणजे बाराची पाचपट. त्यामुळे एका सिंहस्थाला जे संवत्सर, तेच पुढच्या पाचव्या सिंहस्थाला बहुधा पुन्हा लाभते. १९५६ साली दुर्मुख संवत्सर होते, २०१६ साली पुन्हा दुर्मुखच. आणि त्याआधी १८९६ साली तेच. ‘दुर्मुखनाम संवत्सरी सिंहस्थात आलो’ एवढेच कोणी लिहून ठेवले असेल, तर आजोबा, पणजोबा आणि त्यांचे आजे यांतला नेमका कोण आला, हे त्या नोंदीवरून ठरणार नाही. यास्तव शहाणा उपाध्या संवत्सर लिहितो ते मंगलासाठी, आणि शक लिहितो तो हिशेबासाठी.

अक्षरांच्या क्रमाचाही येथेच उल्लेख केला पाहिजे, कारण मराठी माणसाला त्याची झळ रोज लागते. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी. यंत्राच्या तक्त्यात मात्र ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसविलेला आहे, आणि क्ष हे क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांचे जोडकाम असल्यामुळे क्षीरसागर, क्षेमकल्याणी ही मंडळी कुलकर्ण्यांच्या वस्तीत जाऊन पडतात. बाइटांचा क्रम तो भाषेचा क्रम नव्हे. ज्याला मराठी वाचकाला अपेक्षित ओळ हवी असेल, त्याने नावावरून आणखी एक किल्ली मुद्दाम घडविली पाहिजे. शिवाय एकेका देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. ‘कसबे सुकेणे’ हे नाव मधल्या मोकळ्या जागेसह एकतीस बाइटांचे होते. आणि एलएमडीबी हा प्रसिद्ध कोश किल्लीला साधारणतः ५११ बाइटांपलीकडे जागा देत नाही, म्हणजे फार तर एकशे सत्तर चिन्हे. त्याच गावाला जनगणनेने दिलेला सहा अंकी क्रमांक तीन बाइटांत मावतो.

मग क्रमांकच का देऊ नयेत? हा विचार आपल्या प्रांतात फार पूर्वी झालेला आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी सुरू केली, तिने शेतांची जुनी नावे, आंब्याची पट्टी, म्हसोबाचे रान, ही बाजूस सारून प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर दिला. बांध फुटले, वाटण्या झाल्या, तसतसे त्या नंबराला पोटहिस्से फुटले. पंचवीस, मग पंचवीस छेद दोन, मग पंचवीस छेद दोन अ. पुढे १९४७ च्या तुकडेजोड कायद्याने गट पाडले आणि गट नंबर आले. ज्यास आपण सातबारा म्हणतो, तोसुद्धा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन क्रमांकांचा जोड. शेतकऱ्याच्या तोंडी बसलेला तो शब्द मुळात एक किल्लीच आहे. नंबर लहान, नेमका आणि निःपक्षपाती. परंतु तो मनुष्याच्या स्मरणात राहत नाही. तो दाखविण्यासाठी कागद जवळ बाळगावा लागतो, आणि कागद हरवला की तलाठ्याच्या दारी जावे लागे. नाशिकच्या उपाध्यायाकडे येणाऱ्या यात्रेकरूजवळ कागद नव्हता. त्याच्याजवळ जे होते, त्यावरच उपाध्यायाने आपली किल्ली घडविली.

यंत्राच्या दुनियेतही असे दोन पंथ आहेत. १९७९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी लिहिलेला डीबीएम हा कोश किल्ली कुटून तिचा एक आकडा करतो आणि त्या आकड्यावरून जागा ठरवितो. शोध तत्काळ लागतो, पण शेजार नाहीसा होतो. बायर आणि मॅक्राइट यांचा १९७२ चा जो वृक्ष, त्याच्या पंथातले कोश किल्ल्या क्रमाने ठेवतात. तेथे एक सापडला की त्याचे भाऊबंद दोन्ही बाजूंना उभे असतात. १९९१ च्या बर्कले डीबीत दोन्ही सोयी होत्या. उपाध्यायांची वही निःसंशय दुसऱ्या पंथाची. आणि माझे मतही त्याच बाजूला आहे. एका कुळाचा शोध घेता घेता वाचणाऱ्याची नजर शेजारच्या ओळींवर जाते, आणि दुरावलेल्या शाखेचा पत्ता लागतो. पुणे पेशवे दप्तराच्या रुमालांतूनही संशोधकांना कित्येक मौल्यवान कागद असेच, दुसरेच काही शोधताना, हाती लागले आहेत.

या व्यवस्थेला धोके नव्हते असे नाही. वृत्तीची वाटणी झाली, की वह्याही वाटल्या जात. परगण्याच्या शिवेवर तुकडा पडला तर निभे, पण एकाच गावाची दोन आडनावे दोन भावांकडे गेली, म्हणजे यात्रेकरूची दमछाक. गावांची नावे बदलत. मोगलांनी नाशिकचेच गुलशनाबाद केले होते, पेशव्यांनी पुन्हा नाशिक केले. गंगापूरच्या वाटेवरच्या एका खेड्याचे जुने नाव जाऊन राघोबादादांच्या वेळी आनंदवल्ली झाले. कुटुंब मूळ गाव सोडून दुसरीकडे गेले, की काही पिढ्यांनी त्याच नव्या गावाचे ‘कर’ लावून घेई; मग जुन्या पानावर ‘हल्ली अमुक गावी, अमुककर म्हणवितात’ अशी टीप आणि नव्या पानावर ‘मूळचे अमुक’ अशी उलट टीप घालावी लागे. आणि सर्वांवर ताण गोदावरीची. १९६९ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांच्या सांगण्यात नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीपासूनच गोष्ट सुरू होते. नदीकाठच्या वाड्यांत वह्या माडीवर ठेवण्याचा रिवाज का, हे अशा वर्षी कळते.

शके १९३८ च्या आषाढात, सिंहस्थाची ध्वजा अजून उतरलेली नव्हती तेव्हा, माझी मावशी स्नानासाठी म्हणून नाशिकास आली. पाऊस लागलेला होता, आणि कुंडाचे पाणी गढूळ झाले होते. स्नान उरकल्यावर गुरुजींनी नेहमीचे दोन प्रश्न विचारले. तिने सासरचे आडनाव आणि सासरचे गाव सांगितले, वही आली, सासऱ्यांची, दिरांची नावे निघाली, काकांचे निधन त्यात नोंदविण्यात आले. ती उठेना. थोड्या वेळाने तिने विचारले,

“गुरुजी, माहेरचं मिळेल का?”

“मावशी, ते यजमान आमचे नव्हेत. गाव कुठलं?”

“सुकेणं.”

“कसबे की मौजे?”

“कसबे. कुलकर्णी.”

त्यांनी क्षणभर विचार केला आणि घाटाच्या वरच्या अंगाचे एक घर सांगितले. या दोन वह्यांना जोडणारा धागा कोणत्याच पानावर लिहिलेला नव्हता. विवाहाने स्त्री एका किल्लीखालून दुसऱ्या किल्लीखाली गेली, की तिची आधीची नोंद पुढे चालू राहत नाही, आणि एका वहीतून दुसरीत जाण्याची वाट केवळ तिच्या स्वतःच्या तोंडून निघते.

दुसऱ्या घरी वही यायला वेळ लागला. छत्रीचे पाणी ओसरीवर निथळत होते. मग पान सापडले: शके १८७८, दुर्मुखनाम संवत्सर, श्रावण, माझ्या आजोबांची सही, बालबोध लिपीत, सरळ आणि टोकदार. त्याखाली त्यांच्या वडिलांचे नाव, दोघा बंधूंची नावे, पुत्राचे नाव. आणि त्यानंतर, दंडाच्या अलीकडे, दोनच अक्षरे आणि एक आकडा: कन्या २.

मावशी त्या वेळी सहा वर्षांची होती, आणि आई आठ. सिंहस्थाला बैलगाडीने आल्याचे आणि गर्दीत वडिलांच्या उपरण्याचे टोक धरून चालल्याचे मावशीला आठवत होते. तिने बोट त्या आकड्यावर ठेवले आणि पुष्कळ वेळ उचलले नाही. गुरुजींनी काही न विचारता पेन पुढे केले. समासात जागा थोडी होती. तिने आधी आईचे माहेरचे नाव लिहिले, कारण ती थोरली, आणि हयात नव्हती, त्याखाली स्वतःचे. मग गुरुजींनी वही आपल्याकडे ओढून घेतली, दोन्ही नावांपुढे सासरचे गाव आणि आडनाव आपल्या हाताने लिहिले, पुढे ‘हल्ली’ म्हणून मुक्काम आणि दूरध्वनी क्रमांक लिहिला, शाई वाळेपर्यंत पान उघडे ठेवले, आणि मग खारव्याचे बासन बांधले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २ ऑगस्ट २०१६ रोजी, गोदेला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर मी मुद्दाम त्या घरी जाऊन आलो. ओसरीवर गाळ होता. वह्या माडीवर होत्या.